मागच्या सीटवरचे साहेब

विमानात आपण सगळे किती गुणी असतो! हवाई सुंदरी रांगेतून येते, तोंडाने काही न बोलता नुसती कमरेकडे नजर टाकते आणि आमदार, बिल्डर, पहिल्यांदाच नातवाला भेटायला निघालेल्या आजी, सगळे निमूटपणे पट्टा अडकवतात. ‘मी तर मागच्या रांगेत आहे, मला कशाला?’ असे कोणी विचारत नाही. तीच मंडळी दोन तासांनी खाली उतरतात, बॅगा डिकीत टाकतात, टॅक्सीच्या मागच्या सीटवर रेलतात आणि खांद्याशी लोंबणाऱ्या पट्ट्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, आतले २४१ जण गेले आणि ११-अ या आसनावरचा एकच प्रवासी वाचला. त्यानंतर ती जागा मिळते का, अशी चौकशी लोक करू लागले. माणसाच्या भीतीला हसू नये. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच २०२२ चा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता आणि त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, नुसते बसलेले प्रवासी होते. म्हणजे अहमदाबादसारखी चौतीस विमाने, एका वर्षात. पट्टा असता तर सगळेच वाचले असते असे नव्हे. बरेच वाचले असते, एवढे म्हणायला मात्र अभियंता असावे लागत नाही. तरी ‘मोटार बरी, निदान आपल्या हातात तरी असते’ हे मत घरोघरी ठाम आहे. मागे बसणाऱ्याच्या हातात नेमके काय असते? बहुधा मोबाइल.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या न बांधलेल्या माणसाची गत चवदा मीटरवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडल्यासारखी होते. शाळेतल्या भौतिकशास्त्राचे हे गणित आहे. त्यात पुढची सीट, मागची सीट असा भेद नाही. मागचा माणूस पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि पट्टा लावून शहाण्यासारखा बसलेला पुढचा त्याच्या वजनाखाली चिरडला जातो. ‘गाडीत सहा एअरबॅग आहेत की’ हे उत्तर शोरूममध्ये शोभते. एअरबॅगची रचना मुळात माणसाने पट्टा लावला आहे हे धरून केलेली असते, हे तिथला सेल्समन सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

महाराष्ट्राला तर ही गोष्ट परक्या उदाहरणांनी सांगायला नको होती. ३ जून २०१४ च्या पहाटे गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटारीच्या मागच्या सीटवर बसून विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन आठवडा उलटला होता. शहरातल्या चौकात दुसरी मोटार येऊन धडकली आणि ते गेले. पट्टा लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, बोलून गेले. हळहळ खूप झाली, चौकशीच्या मागण्या झाल्या. पट्ट्याचे कोणी मनावर घेतले नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची महागडी मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

मग मात्र सरकार जागे झाले. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केल्याचे जाहीर केले. जणू नवाच नियम! केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील १३८ व्या नियमात मागच्या सीटचा उल्लेख आधीपासूनच आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडही हजार रुपयांचा आहे. नितीन गडकरींनी तेव्हा आणखी एका वस्तूकडे बोट दाखवले होते: पट्ट्याऐवजी खाचेत अडकवून गाडीची टुणटुण बंद करणारी धातूची चकती. ती राजरोस ऑनलाइन विकली जात होती आणि २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच कंपन्यांना ती काढून टाकण्याचे आदेश द्यावे लागले. जीव वाचवणाऱ्या यंत्राला गप्प बसवायला पदरचे पैसे मोजणारे गिऱ्हाईक जिथे आहे, तिथे नियम बिचारा काय करणार?

आपल्याकडे पट्टा अजून पोलिसासाठी असतो. टोलनाका दिसला की पुढचे दोघे पट्टा ओढून छातीवर धरतात, नाका गेला की सोडतात. मागे तर तेवढेही नाटक नाही, कारण मागची सीट मानाची. तिथे साहेब बसतात, सासरे बसतात, व्याही बसतात. जावयाने सासऱ्यांना ‘अहो बाबा, पट्टा लावा’ म्हणायचे तर जीभ अडखळते आणि ड्रायव्हरने साहेबांना सांगायचे तर नोकरीच धोक्यात. ‘साडी चुरगळते’, ‘पोटावर काचतो’, ‘हायवेला लागलो की लावू’ ही कारणे त्यानंतरची. तान्हे मूल तर आईच्या मांडीवरच सुरक्षित, याबद्दल घरात दुमतच नसते. विमानात मात्र, आंतरराष्ट्रीय प्रवासाचे सोडा, पुणे-दिल्ली फेरीतही त्याच बाळासाठी छोटा जादा पट्टा मिळतो आणि आई तो मुकाट्याने लावून घेते.

म्हणजे अक्कल नाही असे नाही. विमानात पट्टा लावल्याशिवाय यंत्र जागचे हलत नाही, आणि सांगणाऱ्या पोरीला समोरचा कोण आहे याच्याशी कर्तव्य नसते. मोटारीतही हेच होऊ शकते. पहिली पायरी मंत्रालयाच्या आवारातून बाहेर पडणाऱ्या सरकारी गाड्यांची. मागच्या साहेबांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकायची नाही, असा लेखी आदेश ड्रायव्हरच्या हाती द्यावा आणि तो पाळल्याबद्दल त्याची बदली होणार नाही एवढी हमीही द्यावी. दुसरी पायरी विमानतळांबाहेरच्या टॅक्सींची. तिथल्या कित्येक गाड्यांत पट्टा असतो, पण त्याचे बक्कल सीट कव्हरखाली पुरलेले असते. प्रवाशाने लावायचे म्हटले तरी सापडत नाही. भाडे, मीटर, परवाना पाहणाऱ्या आरटीओच्या माणसाने मागचे दार उघडून ते कव्हर एकदा वर करून पाहावे आणि बक्कल हाताला लागेपर्यंत त्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र देऊ नये.