फ्री टाइम, कंसात वाचन

परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक आई भेटली. मुलगी नववीत. पाचव्या मजल्यावरून खाली येईस्तोवर तिनं मन मोकळं केलं. "अहो ताई, हिला मैत्रिणीच नाहीत. तुम्ही दर आठवड्याला मुलांवर लिहिता, तर मैत्री करायला शिकवणारा एखादा क्लास असला तर सांगा ना. रविवारी सकाळचा चालेल."

दोन दिवसांनी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले, तेव्हा फ्रिजवर मुलीचं वेळापत्रक दिसलं. रंगीत पेनांनी आखलेलं, अक्षर सुरेख. गणित, विज्ञान, कथक, पोहणं. रविवारी चार ते पाचच्या चौकोनात लिहिलं होतं ‘फ्री टाइम’, आणि पुढे कंसात ‘वाचन’.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीचा हिशेब चक्क तासांत मांडला. नुसत्या ओळखीचं माणूस जरा मित्रासारखं वाटायला लागायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. त्यांचा अभ्यास नव्या गावी राहायला गेलेल्या मोठ्या माणसांवर आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर होता, म्हणून आपल्या नववीतल्या मुलीला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली. एका वर्गात बसण्यात किंवा कामात गेलेले तास मैत्रीला फारसे पुढे नेत नाहीत. टिवल्याबावल्या करण्यात गेलेले तास नेतात. आता रविवारचा तो एक तास कंस खोडून मैत्रीला दिला, तरी दोनशे भरायला जवळजवळ चार वर्षं. तोवर मुलगी बारावी होऊन गेलेली असेल.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त आणीबाणीच्या काळातली नववीची पोरं अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात. तिथं ती करतात काय? म्हटलं तर काहीच नाही. पण मैत्रीला लागतं ते सगळं त्या इमारतीत आहे: आडोसा, भरपूर वेळ, आणि विचारायला कुणी मोठं माणूस नाही. मात्र ‘आमच्या वेळी’ म्हणून गळा काढायचा मला हक्क नाही. तो मोकळेपणा बहुतेक मुलग्यांचा होता. आम्हा मुलींना दिवेलागणीच्या आत घर गाठावं लागे. मैत्रिणीला तिच्या घरापर्यंत सोडायचं, मग तिनं आपल्याला सोडायला यायचं, पुन्हा आपण तिला, या फेऱ्यांतून आम्ही आमचे तास चोरले.

आजही ते मिळतात, फक्त भलत्याच ठिकाणी. पुण्यात गणपतीच्या आधी दोनेक महिने ढोल-पथकांचे सराव सुरू होतात. नदीपात्रातल्या त्या दणदणाटानं माझंही डोकं उठतं, तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत आहे. तरी सराव संपल्यावर तिथं थोडं थांबून बघा. कुणी ढोलाची दोरी ताणतंय, कुणी सोललेल्या बोटांना पट्टी लावतंय, एका वडापावात तिघं. रोजचे दोन तास धरले तर पन्नास संध्याकाळींत शंभर तास होतात, आणि कुणी कुणाला ‘संवादकौशल्य’ शिकवलेलं नसतं.

घरातही वेगळं काही नसतं. "बस इथं, आपण बोलू," म्हटलं की माझा पंधरा वर्षांचा मुलगा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखा चेहरा करतो. तोच मुलगा स्कूटरवर मागे बसला की बोलतो. माझी पाठ त्याच्याकडे, त्याला माझा चेहरा दिसत नाही, मला त्याचा. शिवाय उतरायची जागा जवळ आली की विषय आपोआप संपवता येतो, ही मोठी सोय.

गेल्या वर्षी असाच मागून आवाज आला, "आई, त्यांनी वेगळा ग्रुप केलाय. मी नाहीये त्यात." मी काय करावं? स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि दहा मिनिटं उपदेश केला. असल्या मित्रांची गरजच काय, तू अभ्यासाकडे लक्ष दे, वाटल्यास मी त्यांच्या आयांशी बोलते. तो "बरं" म्हणाला. पुढचे दोन महिने मागच्या सीटवरून फक्त "डावीकडे घे" आणि "थांब, उतरतो" एवढंच ऐकू आलं. त्याला उपाय नको होता. कुणीतरी ते ऐकून घ्यायला हवं होतं, आणि तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं.

परवा क्लासवरून येताना तो पुन्हा बोलायला लागला. त्या ग्रुपमधल्या एकाचं काहीतरी बिनसलंय, तो याला रात्री फोन करतो, याला काय बोलावं सुचत नाही. मी "हं" म्हणत होते. आमची गल्ली आली तशी मी सरळ पुढे गेले.

"आई, गल्ली गेली."

"पेट्रोल भरून येऊ."

"कालच तर भरलं," तो म्हणाला, आणि जिथं थांबला होता तिथून पुढे सांगायला लागला.