हृदयाची आडवाट

पीट मॅराविच हा अमेरिकेतील विख्यात बास्केटबॉलपटू. दहा हंगाम त्याने व्यावसायिक मैदाने गाजविली आणि ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, सहज खेळता खेळता तो कोसळला. शवविच्छेदनात आढळले की, हृदयाला रक्त पुरविणारी डावी रोहिणी त्याला जन्मतःच नव्हती!

आमच्याकडे असा तरुण गेला की 'आयुष्याची दोरी तेवढीच' म्हणून समाज हात जोडतो. दैवाला बोल लावणे सोपे असते. ही व्यंगे विरळा खरी, परंतु उपायापलीकडची नव्हेत. डावी रोहिणी उजवीकडून उगम पावून महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांच्या मधून जात असेल, तर धोका मोठा. तेथे शस्त्रक्रियेचा विचार व्हावयासच हवा. उजवी रोहिणी डावीकडून निघाली, पण लक्षणे नसली आणि श्रमचाचणीत रक्त कमी पडत नसले, तर बहुधा देखरेख पुरते. सरसकट भीती नको, तशी बेफिकिरीही नको.

धावताना छातीत कळ येणे, भोवळ येऊन पडणे हे पित्तावर वा उन्हावर ढकलू नये. ई.सी.जी. निर्दोष आला तरी हे व्यंग लपून राहू शकते, सी.टी. अँजिओग्राफीत मात्र रोहिणीची वाट स्पष्ट दिसते. अकस्मात मृत्यूनंतर शवविच्छेदन नाकारणाऱ्या कुटुंबांनाही आमची कळकळीची विनंती आहे. गेलेला परतणार नाही; परंतु कारण आनुवंशिक निघाले, तर मागे राहिलेल्या भावंडांना वेळीच सावध करता येईल. शोकातही हे कर्तव्य उरतेच.