ओटी भरली, बीपी पाहिलं का?

धारवाडच्या सुभाष रोडवर डोहाळजेवणाच्या खरेदीला निघालेल्या बायकांना काही कमी पडलेलं चालत नाही. हिरवी साडी, चांदीची वाटी, फुलांचा साज. असू दे. पण सुनेचं बीपी मागच्या वेळी किती होतं, विचारा. "डॉक्टर बघतात की!" हो, पण किती? सगळ्या गप्प.

माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे. विसाव्या आठवड्यानंतर आकडा 140/90 किंवा वर गेला, तर ती धोक्याची खूण. 160/110 झाला तर उद्यावर टाकायचं नाही, लगेच दवाखाना. दाब गुपचूप चढतो, बाई हसतखेळत असते. डोकं ठणकलं की आपण म्हणतो दृष्ट लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले की अशक्तपणा, बरगडीखाली दुखलं की पित्त. मीठमोहऱ्या ओवाळून झटके टळत नाहीत. त्याला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन लागतं.

त्यात आपली रीत पाहा. नेमक्या दाब चढायच्या महिन्यांत मुलगी माहेरी येते. सांगलीहून साड्यांची बॅग येते, फाईल तिकडेच राहते. इथली मुलगी तिकडे गेली, तर तायी कार्ड इथल्या कपाटात. नव्या डॉक्टरांपुढे मागचा एकही आकडा नाही. मग 100/60 वाली 136/86 वर आली, हे कळायचं कसं?

"जास्त तपासलं की सिझर करतात," हे मामींचं ठरलेलं. अहो मामी, वेळेत कळलं तर पुष्कळदा गोळ्यांनी दाब आवरून बाळाला आणखी काही आठवडे पोटात ठेवता येतं. उशिरा कळलं की मध्यरात्री हुबळीला गाडी पळवायची.

शेजारच्या गोकाकात 2016-17 साली हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारं बीपीचं यंत्र वापरून पाहिलं, फारसं शिक्षण नसलेल्या सेविकेलाही धोका ओळखता यावा म्हणून. आपल्या घरात तर पदवीधर सुना आहेत! न दिसणाऱ्या जिवांसाठी पाणी गाळून पिणारे आपण, आणि घरातल्या दोन जिवांसाठी एक पट्टा जड होतो?

डॉक्टरांना विचारून गरोदरपणात चालणारं यंत्र घ्या. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, बोलणं बंद. (डोहाळजेवणाच्या दिवशी हे जमायचं नाही.) आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि ती वही ओटीबरोबर पाठवा. बाळंत झाली म्हणून यंत्र फडताळात टाकू नका. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातही दाब चढतो.