मागं कोण बसणार?

उसाचं बिल खात्यावर पडलं, बेदाण्याला बरा दर मिळाला, की आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांतून एक विषय हमखास निघतो. गाडी! पूर्वी तो बुलेटवर थांबायचा, मग बोलेरोवर आला, आणि आता गेली काही वर्षं घरातल्या पोरांनी एकच नाव धरलंय, थार. त्यातही दोन तट. एक म्हणतो, ‘जुनीच घ्यायची. तिला जीपची सर हाय, नवी म्हंजे नुसता शोभेचा डबा.’ दुसरा म्हणतो, ‘जुनीत काय ठेवलंय? ना एअरबॅग, ना धड दार. घ्यायची तर नवी.’ आपण आतून चहा आणून ठेवतो, कान मात्र तिकडेच असतात. आपल्याला कुणी विचारत नाही. आपणही ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणून कप गोळा करून आत येतो.

मैत्रिणींनो, या भांडणात आपण बोललंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन, गिअर, टायर यावर पोरं रात्रभर बोलतील. पण गाडीत मागं बसणं काय असतं, हे त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे.

जीप आपल्याकडं आली ती साहेबाची गाडी म्हणून. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायला घेतली, आणि पुढची कित्येक वर्षं गावात जीप दिसली की प्रांत आले, बीडीओ आले किंवा कारखान्याचे चेअरमन आले, एवढंच समजायचं. शिवाय आपला भाग फौजींचा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर घरटी एक जण सैन्यात. त्यामुळं जीपबद्दल एक वेगळा मानही होताच. बाईमाणूस तिच्यात बसलं ते फार पुढं. कमांडर, ट्रॅक्स, मार्शल अशा गाड्या वडापला लागल्या तेव्हा.

वडाप! आपल्यापैकी कोण बसलं नाही त्यात? मेढ्याहून, पाटणहून, शिराळ्याहून, जतहून बाजारला, दवाखान्याला, कॉलेजला त्याच. पुढं ड्रायव्हरशेजारी तिघं-चौघं पुरुष, मधल्या सीटवर चार-पाच जण, आणि मागं समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर आपण. मांडीवर पोर, पायात पाटी, पाठीला पत्रा, गुडघ्याला समोरचीचा गुडघा. घाटात ब्रेक लागला की अख्खी ओळ एका बाजूला. आडल्या बाईला वाडीवरून खाली आणलं तेही अशाच जीपच्या मागच्या बाजूला गोधडी टाकून. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी डोंगरातल्या कितीतरी पोरांना जीपनंच जगात आणलंय. त्या गाडीचे उपकार मी नाकारत नाही.

पण उपकार मानणं वेगळं आणि आज लाखांत पैसे घालून तीच बाकडी दारात आणणं वेगळं. जुनी थार म्हणतात ती २०१० मध्ये आलेली. ती त्या जुन्या जीपचीच धाकटी बहीण. पुढं दोन सीट, मागं समोरासमोर आडवी बाकडी, वर ताडपत्रीचं हूड. दणकट आहे, यात वादच नाही. तिच्या सीआरडीई इंजिनाला १०५ हॉर्सपॉवरची ताकद, आणि फोर बाय फोर घेतली तर पुढची चाकंही ओढायला लागतात. कुठल्याही गावच्या मेस्त्रीला ती उघडता येते. कराडला किंवा मिरजेला पार्ट मिळाला नाही, असं सहसा होत नाही. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि ती बंद झाली. म्हणजे आता मिळेल ती सेकंडहँडच.

आडव्या बाकड्याचं दुखणं काय, ते नीट समजून घ्या. गाडी जोरात थांबली की आपलं शरीर पुढं जातं. समोर तोंड करून बसलेल्याला पट्टा छातीवरून, खांद्यावरून धरतो. आडवं बसलेल्याचं अंग जातं कडेला. त्याला धरायला शेजारच्या बाईचा खांदा, नाहीतर पुढच्या सीटची पाठ. मागच्या सीटवर पट्टा लावण्याचा आपल्याकडचा नियमसुद्धा समोर तोंड असलेल्या सीटसाठी आहे! २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागं बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, अशा बातम्या सगळीकडं आल्या. इतक्या भारी मोटारीत ही गत, तर ताडपत्रीखालच्या बाकड्यावर नात मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचं काय?

नवी थार २०२० मध्ये आली. १५ ऑगस्टला दाखवली आणि २ ऑक्टोबरला बाजारात. तिच्यात पुढं दोन एअरबॅग, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, कडक टपाचा प्रकार, मागं समोर तोंड असलेल्या दोन सीट आणि त्यांना पट्टे. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं ताशी ६४ किलोमीटर वेगानं आपटून तपासल्यावर तिला मोठ्यांसाठीही चार तारे मिळाले आणि मुलांसाठीही. एक गोष्ट मात्र जाहिरातीत सापडणार नाही. सुरुवातीला या नव्या गाडीच्या सगळ्यात स्वस्त प्रकारातही तीच आडवी बाकडी होती. कंपनीनं तो प्रकार लवकरच बंद केला, आणि चार तारे मिळाले ते समोर तोंडाच्या सीट असलेल्या गाडीला. म्हणून ‘२०२० ची नवी थार स्वस्तात मिळतीया’ असं कुणी सांगत आलं, तर आधी मागचं दार उघडून आत बघा.

म्हणजे नवी घ्यावी? थांबा, लगेच पेढे वाटू नका.

तीन दारांच्या नव्या थारमध्ये मागं बसायचं तर पुढची सीट मोडून सरकवायची आणि त्या फटीतून अंग वाकवून, पाय वर घेऊन आत शिरायचं. जीन्समधल्या कॉलेजच्या पोरीला ते जमतं. सुनेनं, सासूनं, नऊवारीतल्या आजीनं कसं करायचं? माझ्या ओळखीच्या एका घरात सत्तरीच्या सासूबाईंना देवदर्शनाला न्यायचं म्हणून नवी गाडी काढली. बाई दोनदा चढायला गेल्या, निऱ्या सीटच्या दांड्यात अडकल्या, मग म्हणाल्या, ‘तुमी जाऊन या, मी हितनंच हात जोडती.’ जुनीत निदान मागून पायरीवर पाय ठेवून, कडेला धरून चढता तरी यायचं. आणि कागदावर ही गाडी चौघांची. नवरा-बायको, दोन लेकरं, झालं. सासू-सासरे कुठं बसवायचे? ज्या घरात एकच गाडी परवडणार आहे आणि माणसं सहा आहेत, त्या घराला ही नवी थार उपयोगाची नाही, मग तिला कितीही तारे असोत.

२०२४ च्या १५ ऑगस्टला रॉक्स आली, पाच दारांची. मागं तिघं बसतात, स्वतःच्या दारातून चढतात, सहा एअरबॅग आहेत, आणि भारत एनकॅपनं तिला पाच तारे दिले. आली तेव्हा शोरूमची किंमत १२ लाख ९९ हजारांपासून पुढं होती. पासिंग, विमा वेगळा. पण गाडी जवळजवळ साडेचार मीटर लांब आणि बोजड. साताऱ्याच्या पेठांतल्या बोळात ती वळवायची म्हणजे निम्मी गल्ली बाहेर येऊन ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणार.

आता खरा प्रश्न. फोर बाय फोर लागतंय कशाला? जावळीत, पाटणच्या डोंगरवाड्यांत, बामणोलीच्या अंगाला, शिराळ्याच्या वर चांदोलीकडं ज्यांचं घर आहे, त्यांना विचारायची गरज नाही. तिथल्या पावसात शेवटची चढण कशी असते ते त्यांचं त्यांना माहीत. पण तासगाव, आटपाडी, जतच्या डांबरी रस्त्यावर राहणाऱ्यांनी चारही चाकं ओढणारी गाडी वर्षातून किती वेळा वापरायची? काळ्या रानात पाऊस झाला की ट्रॅक्टरसुद्धा रुततो, तिथं थारचं काय घेऊन बसलात! चार दिवस चालत जायचं, हेच आपण आजवर करत आलो. शिवाय २०२३ पासून नवी थार फक्त मागची चाकं ओढणाऱ्या प्रकारातही मिळते. दिसायला तीच, पण चिखलात काम बोलेरोचंच. हे माहीत असून घेतली तर हरकत नाही. रुबाबाचे पैसे म्हणून मोजले तर ते घरात तसं म्हणावं, शेतीच्या नावावर टाकू नयेत.

आणि पुराचं पाणी. कंपनी सांगते, नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. २०१९ चा ऑगस्ट सांगलीत ज्यांनी काढलाय, त्यांना ते दोन फूट म्हणजे काय ते सांगायला नको. वाहत्या पाण्यात खालचा रस्ता राहिलाय की वाहून गेलाय, हे वरून दिसत नाही. ‘आपली थार हाय, निघंल’ म्हणणाऱ्याच्या हातातून किल्ली काढून घ्यायची. तेवढा अधिकार आपल्याला आहे.

जुनीच घ्यायची असं घरात ठरलं, तर कागद तुम्ही स्वतः बघा. आपल्याकडं गाडी डोळ्यांनी बघतात आणि कागद ‘नंतर’ बघतात. २०१०-११ च्या गाड्यांची पंधरा वर्षं भरलीत किंवा भरत आलीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. कर्जाचा बोजा उतरलाय का, हे आरसी पुस्तकावर बघा. एमएच ११, १० किंवा ५० सोडून लांबची गाडी असेल, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला मागा. आणि मोठाले टायर, लोखंडी बंपर, छत कापून बांधलेली ‘मॉडिफाय’ जीप असेल तर सरळ नको म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत नसलेले असले बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. पोरं म्हणतील, ‘काय नाय होत.’ कोर्टाच्या खेपा कुणाला घालाव्या लागतात, ते आपण बघितलंय.

माझं मत विचाराल तर असं : रानात जायला, खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणायला जुनी जीप असलेल्या घरानं ती विकायची घाई करू नये. तेवढ्या कामाला तिच्यासारखी गाडी नाही. पण लग्नाला, यात्रेला, दवाखान्याला बायका-पोरं मागच्या बाकड्यावर भरून महामार्गावर तिला काढू नये. खंबाटकीच्या वळणाला तर नाहीच. घरासाठी नवी काढायची, तर ज्यांना मागं बसायचंय त्यांना घेऊन बघायला जायचं. शोरूममधले भाऊ पुढची सीट देतात, एसी लावतात, गाणी लावतात. त्यांना सांगायचं, मागं बसवा. साडीतच जायचं, मुद्दाम. आजीला चढवून बघायचं, लेकराला पट्टा लावून बघायचा, खिडकी उघडते का ते बघायचं. तीन दारांच्या थारची मागची काच उघडतच नाही. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि एक फेरी मागं बसून खराब रस्त्यावर मारायची. पाठीला कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

मग एक फेरी स्वतः चालवूनही बघा. जुनीचा क्लच जड, गावच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या गुडघ्याचा जीव काढतो. नवीत क्लच नसलेला ऑटोमॅटिक प्रकार मिळतो. किंमत जास्त पडते. त्यावर ‘बाईला कशाला एवढी मोठी गाडी’ हे वाक्य येणारच. ते ऐकून घ्यायचं आणि लायसन्सचा अर्ज भरायचा. ज्या गाडीचा हप्ता दूध-डेअरीच्या नाहीतर बचतगटाच्या पैशातून जाणार आहे, तिची दुसरी किल्ली कुणाकडं राहणार, तेही बुकिंगच्या दिवशीच विचारून टाका. आरसीवर नाव कुणाचं घालायचं, हा विषय त्याच चहाबरोबर निघू दे.