तीन दारें आणि एक दिवा

तीन वर्षांपूर्वींच्या भाद्रपदांत आमच्या मूलच्या घरीं परसांतील गोठ्यांतून एक कालवड बिबट्यानें नेली. ताडोब्याच्या रानाकडेस राहणाऱ्यांस ही वार्ता कांहीं अपूर्व नव्हे. परंतु त्या रात्रींची दुसरी एक गोष्ट आठवली म्हणजे अजूनहि अंगावर कांटा उभा राहतो. गाईचें हंबरणें ऐकून घरची मंडळी मागील दार उघडून अंधारांत उभी राहिली. परसांतला दिवा लावण्याचें बटन मात्र पुढच्या ओसरीवर होतें. मीं धांवत जाऊन तें दाबलें तेव्हां जनावर कुंपणावर चढलें होतें, आणि मंडळी त्याच्यापासून दहा हातांवर होती. बटन ओसरीवर बसविण्याची चूक सर्वस्वी माझी. चार हात वायर वांचविली होती.

दिवाळीच्या सुटींत चंद्रपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकणारा नातू घरीं आला. त्यास मीं सांगितलें, "ओसरी, स्वयंपाकघर आणि मागील दार अशीं तीन बटनें हवींत. कोणतेंहि पालटलें तरी दिवा लागलेला असेल तर मालवावा, मालवलेला असेल तर लागावा."

"आजोबा, हा तर आमच्या पहिल्या धड्यांतला प्रश्न," असें म्हणून त्यानें तीन बटनांच्या आठ अवस्थांचें कोष्टक मांडलें आणि तें आठ घरांच्या एका नकाशांत भरलें. या नकाशास कार्नो या अमेरिकन गृहस्थांचें नांव आहे. १९५३ पासून तो प्रचारांत आहे. त्याची युक्ति सोपी आहे. जेथें दिवा लागावयाचा तेथें १ मांडावा. दोन १ शेजारीं आले कीं त्यांची एक जोडी करावी आणि सूत्रांतलें एक अक्षर गाळावें. जितकीं अक्षरें गळतील तितकें सर्किट स्वस्त. पण आमच्या दिव्याचा नकाशा भरला तों काय, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक घर काळें, एक पांढरें! एका १ चाहि दुसऱ्यास स्पर्श नाहीं. एकहि अक्षर गळेना. तीन नकार, तीन-तीन तोंडांचे चार 'आणि', वर चार तोंडांचा एक 'किंवा' असा आठ गेटांचा पसारा झाला, आणि मुलाचें तोंड उतरलें.

मीं म्हटलें, "अरे, हा हिशेब सम-विषमाचा आहे. वर केलेलीं बटनें विषम असतील तर दिवा लागावा, सम असतील तर मालवावा. 'किंवा' कशाला हवें?" मराठींत ही सोय फार चांगली आहे, वाचकांनीं पाहावी. 'दूध किंवा ताक वाढा' यांत दोन्ही वाढलीं तरी कोणी रागावत नाहीं; पण 'दूध घेणार कीं ताक?' यांत एकच अभिप्रेत असतें. हा दुसरा प्रकार म्हणजेच यंत्रविद्येंतला 'एक्सॉर'. तो घेतला कीं पहिल्या दोन बटनांचा एक एक्सॉर, त्याच्या फलाचा तिसऱ्याशीं दुसरा एक्सॉर, एवढ्यांत काम संपलें. आठाचे दोन झाले.

या मार्गाचा इतिहास थोडा उलट्या क्रमाचा आहे. जॉर्ज बूल यांनीं १८४७ व १८५४ च्या आपल्या ग्रंथांत विचाराचें बीजगणित रचलें, त्यांत त्यांची बेरीज परस्परांपासून अलग असणाऱ्या वर्गांपुरतीच अर्थवती होती. दोन्ही सामावून घेणारें 'किंवा' मागाहून जेव्हन्स यांनीं १८६४ त आणलें, आणि तेंच रूढ झालें. पुढें झेगाल्किन यांनीं १९२७ त व स्टोन यांनीं १९३६ त एक्सॉरची बेरीज पुन्हां प्रतिष्ठित केली. या बीजगणितानें विजेचीं बटनें व रिले कसे हिशेबांत धरावे हें शॅनन यांनीं १९३८ च्या लेखांत दाखविलें, आणि रीड व म्यूलर यांनीं १९५४ त एक्सॉरच्या मांडणीस हल्लींचें रूप दिलें.

आतां अडचण अशी आली कीं एक्सॉरची चिप मूलच्या बाजारांत मिळेना. नातवाच्या डब्यांत ७४०० क्रमांकाच्या मात्र दोन चिपा होत्या. त्या प्रत्येकींत 'नँड' नांवाचे चार गेट. नँड म्हणजे काय, असें विचारतां तो म्हणाला, "दोन्ही एकदम असतील तरच नाहीं, एरवीं आहे." मी चमकलों. हा तर आमच्या नैयायिकांचा उभयाभाव! भूतलावर घट आहे, पट नाहीं. तरी 'घट-पट हीं उभय येथें नाहींत' ही प्रतीति यथार्थच असते. आणि 'अन्यतर' याचें नव्यन्यायांतलें लक्षण तर याहूनहि सुंदर आहे: दोहोंहून जें भिन्न, त्याहून जें भिन्न तें अन्यतर. म्हणजे 'किंवा' हें केवळ नकार आणि 'आणि' यांतून घडविलें. नातू म्हणाला, "आजोबा, हा डी मॉर्गनचा नियम." हे डी मॉर्गन १८०६ सालीं मदुरेस जन्मले, आणि नव्यन्यायांत त्यांच्या नियमाची जाण होती हें हार्वर्डचे इंगल्स यांनीं १९५१ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

येथें एक सावधगिरीचा शब्द. बूल यांच्या पत्नी मेरी या सर्व्हेयर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. ज्या लॅम्बटन यांच्या हाताखालीं एव्हरेस्ट शिकले, त्यांचा अंत १८२३ त आमच्या शेजारच्या हिंगणघाटास झाला. या बाईंनीं १९०१ त जगदीशचंद्र बोस यांस लिहिलेल्या पत्रांत आपल्या पतीच्या विचारावर भारतीय विद्येची छाया असल्याचें म्हटलें आहे. तेवढ्यावरून 'सर्व आमच्याकडूनच गेलें' अशी टाळी पिटणें मला मान्य नाहीं. बाईंच्या शब्दास मान द्यावा, परंतु तो पुरावा नव्हे. नैयायिकांनीं सर्किट केलें नाहीं, आणि करण्याचें त्यांस कारणहि नव्हतें.

असो. चार नँडांचा एक एक्सॉर होतो: पहिल्यास दोन्ही बटनें द्यावींत, त्याचें फल एकेका बटनासह दुसऱ्यास व तिसऱ्यास द्यावें, त्या दोघांचीं फलें चौथ्यास. दोन चिपांत दोन एक्सॉर झाले, रात्रीं ओट्यावर लहान दिवा लागला, आणि मंडळींनीं तिन्ही बटनें दहा वेळां पालटून पाहिलीं.

एक्सॉर सर्वत्र लाभतोच असें मात्र नाहीं. 'तिहींपैकीं कोणतेंहि दार उघडें राहिल्यास घंटा वाजावी' हें मीं सुचवून पाहिलें. तेथें साधें 'किंवा' एका गेटांत भागतें. एक्सॉरनें मांडूं जातां सात पदें होतात. प्रश्न विषमतेचा असेल तर एक्सॉर, संग्रहाचा असेल तर 'किंवा', हें आधीं ओळखावें लागतें, आणि तें नकाशा सांगत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं प्रत्यक्ष काम करावयास वायरमन आला. पाटी पाहून तो म्हणाला, "गुरुजी, याले चिप कायले पायजे? दोन टोकाले टू-वे लावतो, मधात एक इंटरमीजिएट." टू-वे बटन दोन तारांपैकीं एक निवडतें; इंटरमीजिएट त्या दोन तारा सरळ जाऊं देतें किंवा परस्परांत ओलांडून टाकतें. प्रत्येक पालटानें सम-विषम बदलतें. म्हणजे तोच एक्सॉर, पण त्यास पांच व्होल्टांचा वेगळा पुरवठा लागत नाहीं. नातवानें आपली पाटी निमूटपणें डब्यांत ठेवली, आणि वायरमनाच्या हाताखालीं दुपारभर तारा ओढल्या. मला तें फार आवडलें.

आतां मंडळींस विहिरीपाशीं चौथें बटन हवें आहे. नकाशानें केलें तर सोळा घरें भरून आठ पदें होतात, तींही न गळणारीं. वायरमनास मध्यें आणखी एक इंटरमीजिएट पुरतें. तो शनिवारीं येणार आहे.