मोफत शिक्षणाची किंमत कोण भरतो?

“शिक्षण फुकट होते, मग मुलाचे गेले काय?” असा सवाल सरकारी कौशल्य योजनांचे तरफदार मोठ्या साळसूदपणे टाकतात. त्यांना आमचा उलट सवाल आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातला कमावता मुलगा तीन महिने वर्गात बसला, तर त्या तीन महिन्यांची मजुरी कोणी भरली? ती त्याच्या आईने भरली, धाकट्या भावंडांनी अर्धपोटी राहून भरली. तेव्हा ‘फुकट’ ही भाषा प्रथम बंद झाली पाहिजे.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 साली सुरू झाली आणि अल्प मुदतीच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा खाजगी केंद्रांकडे वाहू लागला. दुसऱ्या टप्प्यात त्याचे हप्ते असे ठरले: तुकडी सुरू होताच शेकडा 30, प्रमाणपत्र मिळाल्यावर 50 आणि नोकरी लागल्यावर अवघे 20. म्हणजे विद्यार्थी बेकार राहिला तरी शंभरांतले ऐंशी रुपये केंद्रचालकाच्या पदरात पडणारच! अशा करारातून दुसरे काय निपजणार? महालेखापरीक्षकांचा डिसेंबर 2025 मध्ये संसदेपुढे आलेला अहवाल पाहावा. अल्प मुदतीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे 41 जणांनाच काम लागले. लाभार्थ्यांच्या नोंदींत शेकडा 94 हून अधिक ठिकाणी बँक खात्याचा रकाना कोरा वा निरर्थक निघाला. एकच छायाचित्र अनेक नावांपुढे आढळले. आणि चौथ्या टप्प्यात सरकारने केले काय, तर नोकरीची अटच योजनेपासून अलग केली. रोगी बरा होईना म्हणून वैद्याने नाडी पाहणेच सोडून द्यावे, तसा हा प्रकार झाला.

हे कोणाला आधी ठाऊक नव्हते असेही नाही. अमेरिकेत 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचे पैसे सरकार थेट शाळांना देऊ लागले, तेव्हा धंदेशिक्षणाच्या दुकानांचे पीकच आले. 1952 च्या नव्या कायद्याने ती रक्कम सैनिकाच्या हाती दिली. शिवाय ज्या अभ्यासक्रमात शेकडा 85 हून अधिक विद्यार्थी सरकारी पैशावरचे, तेथे नव्या सैनिकांचा प्रवेश रोखला.

आमच्याकडे विद्यार्थी केंद्राच्या करारात पक्षकारच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मोफत सेवा वगळतो. दुसऱ्याने मोबदला भरलेल्या सेवेचा लाभार्थी मात्र तोच कायदा ग्राहक मानतो, आणि येथे मोबदला सरकार भरते. परंतु शिक्षण ही ‘सेवा’ आहे काय, यावर वकिलांनी वर्षानुवर्षे वाद घालावा आणि मुलाने दाराशी ताटकळत बसावे, हे आम्हांस मान्य नाही. फसलेल्या विद्यार्थ्याला बुडालेल्या मजुरीची भरपाई मागण्याचा हक्क योजनेतच स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे, आणि केंद्राचा निम्मा पैसा नोकरी लागेपर्यंत अडकवून ठेवला पाहिजे.

तोवर बंधुभगिनींनो, मुलाचे नाव घालताना प्रवेशपत्राची प्रत मागून घ्या, बँक खाते त्याचे स्वतःचेच लिहिले आहे याची खात्री करा, आणि कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका.