पीयूसी खिशात, धूर हमालाच्या छातीत

"कन्व्हर्टरमुळे गाडी गुदमरते. काढून टाका साहेब, मग बघा पिकअप." मार्केट यार्डच्या आसपास हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर लिहिणं भाग आहे. गाळ्यावर माल टाकणारे व्हॅनवाले हे बोलतात, व्यापाऱ्यांचे ड्रायव्हर बोलतात आणि कार घेऊन घाऊक भावात भाजी न्यायला येणारे सुशिक्षित पुणेकरही बोलतात. हे वाक्य साफ खोटं आहे, आणि त्याची किंमत बोलणारा मोजत नाही. ती मोजतो तो त्या गाडीमागे पाठीवर पोतं घेऊन उभा असलेला माणूस.

आधी हा डबा करतो काय ते बघू. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महागड्या धातूंचा लेप. तिथे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळून जातं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. पण यासाठी हवा आणि इंधनाचं माप नेमकं लागतं. पेट्रोलचं माप आहे १ किलोला साधारण १४.७ किलो हवा.

हे माप राखायला ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर तो साधारण ०.१ व्होल्टचा इशारा देतो, कमी उरला तर ०.९ च्या आसपास. त्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंधन कमी-जास्त करतो. कन्व्हर्टरच्या पुढे आणखी एक सेन्सर असतो. डबा नीट काम करतोय की नाही, याची चुगली तो करतो.

आता गंमत बघा. पहिला सेन्सर म्हातारा झाला की ईसीयूची अवस्था जिभेची चव गेलेल्या आचाऱ्यासारखी होते. तो अंदाजाने टाकत सुटतो, आणि बहुतेक वेळा इंधन जास्तच टाकतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. जादा इंधन न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. डबा तापून लाल होतो, जाळी वितळते, धुराची वाट तुंबते आणि मग खरोखरच पिकअप जातो. मालक म्हणतो, "बघा, कन्व्हर्टरनं इंजिन खाल्लं." अहो, उलट झालंय. इंजिनानं कन्व्हर्टर खाल्लाय, आणि महिनोन् महिने डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असताना तुम्ही तो बघत बसलात.

चांगल्या स्थितीतला कन्व्हर्टर रोजच्या गाडीची ताकद जाणवण्याइतकी कमी करत नाही. तो मरतो तो मिसफायरने, ऑइल जाळणाऱ्या इंजिनाने, भेसळीच्या पेट्रोलने आणि वेळेवर न बदललेल्या सेन्सरने. सेन्सर काही हजारांत येतो. कन्व्हर्टरला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणजे ज्याने सेन्सरचे पैसे वाचवले, त्याने स्वतःच्याच खिशाला भोक पाडलं.

मग जुगाड सुरू होतो. डबा कापायचा, आतली जाळी फोडून काढायची, रिकामा डबा परत वेल्ड करायचा. पुढच्या सेन्सरला एक लांब नट लावून त्याला धुरापासून थोडा बाहेर ओढायचा, म्हणजे त्याला खरं काही कळणार नाही आणि दिवाही पेटणार नाही. वर फोडलेली जाळी भंगारात विकली जाते. तिची किंमत चोरांना बरोबर माहीत आहे. इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या पुणे-पिंपरीतही येऊन गेल्या. चोराला ज्याचं मोल कळतं, ते मालकाला कळू नये?

हे सगळं होतंय कुठे, तर पुण्यात. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आपल्या वेताळ टेकडीवर आहे. कन्व्हर्टर देशात आला १९९५ साली, चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना. शिसं त्याला मारतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं आणि २००० साली ते देशभर झालं. बीएस-४ देशात २०१७ ला लागू झालं, पण २०१० लाच ज्या मोजक्या शहरांत ते आधी आलं त्यांत पुणं होतं. २०२० पासून बीएस-६ आहे. एवढं सगळं करून गाडी मार्केट यार्डात पोचते तेव्हा तिच्या पोटात रिकामा डबा!

आणि पीयूसी? ती आहेच की, एकदम ओके. इथेच माझा खरा राग आहे. नियम कडक आहेत. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत हवा. शिवाय इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास नेऊन तो ०.२ टक्क्याच्या आत आहे का, आणि हवा-इंधनाचं माप, ज्याला लॅम्डा म्हणतात, ते ०.९७ ते १.०३ मध्ये आहे का, हेही बघायचं असतं. डबा फोडलेली गाडी या कसोटीतून सुटणं अवघड आहे. प्रामाणिकपणे सांगा, तुमची पीयूसी काढताना इंजिन २५०० वर नेलेलं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मी एका सेंटरवर नळी सायलेन्सरला जेमतेम टेकवून फोटो काढताना पाहिलंय. फोटो आला, कागद आला, पुढची गाडी.

कायदाही कमी नाही. धुराचे नियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण डबा रिकामा आहे हे वाकून बघणार कोण? दंड होतो तो पीयूसी नसल्याचा. खोटी पीयूसी असलेला बिनधास्त.

आता कोणी म्हणेल, यार्डात खरा धूर डिझेल ट्रकचा. मान्य. डिझेलचा धूर कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ लाच जाहीर केलंय, आणि त्यावर वेगळं लिहीन. पण तो काळा धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. एसी लावून गाडीत बसलेला माणूस सावकाश श्वास घेतो. ५० किलोचं पोतं उचललेला हमाल छाती भरून घेतो, आणि तोही दोन गाड्यांच्या फटीत, चालू सायलेन्सरच्या शेजारी. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने या माणसाला मजुरी आणि मान मिळवून दिला. त्याच्या श्वासाचा हिशेब कोणी मागायचा?

"गरीब टेम्पोवाल्याला परवडत नाही" हेही ऐकवू नका. पडलेलं ॲव्हरेज त्याला रोज जास्त महाग पडतं. त्याला दिवा वेळेत वाचून देणारा मेकॅनिक हवाय, डबा फोडून देणारा नको.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

१. पीयूसी सेंटरवर ओबीडीचं स्कॅनर लावा. दिवा पेटलेला असेल, कोड साठलेले असतील तर दुरुस्तीआधी कागद नाही.

२. आरटीओच्या पथकाने रस्त्यावरच्या गाड्यांइतकीच पीयूसी सेंटरंही अचानक तपासावीत.

३. बाजार समितीने गेटवर महिन्यातून एकदा मोफत तपासणी ठेवावी. माल उतरताना इंजिन बंद, हा नियम आजपासून लावता येईल. त्याला एक पैसा लागत नाही.

४. भंगारात कन्व्हर्टर घेणाऱ्याने विकणाऱ्याची नोंद ठेवलीच पाहिजे.

आणि तुम्ही? पुढच्या वेळी पीयूसीवाल्याला म्हणा, "इंजिन २५०० वर न्या आणि रीडिंग मला दाखवा." काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. सेंटरचं नाव नको, गाडीचा नंबर नको. रीडिंग दाखवलं की नाही, एवढंच. शंभर उत्तरं जमली की ती घेऊन आरटीओत जायला मी तयार आहे. सोबत कोण येणार?